टीबी बरा झाला, सिगारेट सुटली, मग दम अजून का लागतो?

टीबीच्या औषधांचा कोर्स पूर्ण झाला. थुंकीची तपासणी निगेटिव्ह आली, वजन भरलं, डॉक्टरांनी बरे झालात म्हणून सांगितलं. तरी जिना चढताना मध्येच कठडा धरून थांबावं लागतं, आणि सकाळी उठल्यावर अर्धा तास खोकून बेडके पडल्याशिवाय छाती मोकळी होत नाही. दुसऱ्या कुणी तीन वर्षांपूर्वी सिगारेट कायमची सोडलेली असते, त्याचीही तीच गत. दोघांचा प्रश्न एकच असतो: ज्याच्यामुळे हे झालं ते तर गेलं, मग हे का जात नाही?

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला "आता वय झालं", "फुप्फुसं कमजोर आहेत" अशी उत्तरं देऊन वाटेला लावलं जातं, ते मला पटत नाही. खरं उत्तर समजायला तितकं अवघड नाही. श्वासनलिकांना आलेली सूज तिच्या मूळ कारणाच्या मागे उरते. टीबीनंतर ती ज्या वाटेने टिकते आणि धुरानंतर ज्या वाटेने टिकते, त्या दोन वाटा मात्र वेगळ्या आहेत. श्वासातून औषध ओढायच्या एकाच पंपाने दोघांचं भागत नाही, ते त्यामुळेच.

नळीची सूज आतल्या बाजूला येते

पाय मुरगळला की घोटा सुजतो, लाल होतो, गरम लागतो, दुखतो. ही शरीराने सुरू केलेली दुरुस्ती असते. रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी पाझरतं, पांढऱ्या पेशी त्या जागी धावतात, मोडतोड साफ करतात आणि काम झालं की निघून जातात. घोट्याला सुजायला बाहेर जागा असते. श्वासनलिका सुजते तेव्हा तिचं अस्तर आतल्या बाजूला फुगतं, म्हणजे हवा जाण्याची वाटच अरुंद होते. नळीची त्रिज्या अर्धी झाली तर तिच्यातून तेवढीच हवा ढकलायला 16 पट जोर लागतो. नळी थोडीशी अरुंद झाली तरी माणूस एवढा का दमतो, ते या एका आकड्यात आहे.

त्यात एक फसवणूकही आहे. मुख्य श्वासनलिकेला फाटे फुटत फुटत सुमारे 23 पायऱ्या खाली गेलं की वायुकोश, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्या येतात. वाटेतल्या 2 मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्या संख्येने इतक्या असतात की त्यातल्या बऱ्याच बंद पडल्या तरी सुरुवातीला काही जाणवत नाही, साध्या तपासणीतही फारसं दिसत नाही. डॉक्टर या भागाला फुप्फुसाचा 'मुका भाग' म्हणतात. धुराचं नुकसान सगळ्यात आधी इथेच सुरू होतं. माणूस "मला तर काहीच होत नाही" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो.

मोठ्या नळ्यांच्या अस्तरावर फार सुंदर व्यवस्था असते. इथल्या केसवाल्या प्रत्येक पेशीवर साधारण 200 अतिसूक्ष्म केस असतात आणि ते सेकंदाला 10 ते 20 वेळा हलतात. वल्हं मारावं तसे ते वर जाताना ताठ होतात आणि मागे येताना वाकतात. त्यांच्यावर चिकट द्रावाचा पातळ थर तरंगत असतो. श्वासातून आलेली धूळ, जंतू त्याला चिकटतात, थर हळूहळू घशाकडे सरकतो आणि आपण तो नकळत गिळून टाकतो. दिवसरात्र हे चालू असतं आणि निरोगी माणसाला त्याचा पत्ताही नसतो. हे केस निकामी झाले की ती सफाई खोकल्याला करावी लागते. सकाळचा तो अर्धा तास म्हणजे रात्रभर साचलेलं हाताने उपसणं.

धूर: शिकलेली सवय

तंबाखूच्या धुरात 7,000 हून जास्त रसायनं असतात. ती या केसांना आधी सुस्त करतात, मग केसवाल्या पेशीच कमी होतात. त्यांच्या जागी चिकट द्राव बनवणाऱ्या पेशी वाढतात. म्हणजे कचरा वाढतो आणि झाडू कमी होतो.

त्याहून खोल गोष्ट वायुकोशांजवळ घडते. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी पहारा देतात. धूम्रपान करणाऱ्याच्या फुप्फुसात त्यांची संख्या कित्येक पट वाढलेली असते. धुराने डिवचलेल्या या पेशी रासायनिक हाका देतात आणि रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात. न्यूट्रोफिलकडे इलास्टेज नावाचं एन्झाइम असतं, जंतूंना मारण्यासाठी. पण फुप्फुसाला ताण देणारे, बारीक नळ्यांना चहूबाजूंनी ओढून उघडं ठेवणारे लवचिक धागेही तेच कापतं. तंबूचे दोर तोडले की तंबू बसतो. तशा श्वास सोडताना या नळ्या मिटतात आणि हवा आतच अडकते.

"श्वास आत घेता येत नाही," असं बहुतेक जण सांगतात. पुष्कळदा अडचण उलटी असते. आधीची हवा बाहेर पडलेली नसते, म्हणून नवीनला जागा नसते. चालताना श्वास भरभर होतो तशी अडकलेली हवा आणखी वाढते. ओठांचा चंबू करून सावकाश फुंकर घातल्यावर जरा बरं वाटतं, कारण त्या फुंकरीने नळ्यांत थोडा दाब टिकतो आणि त्या लवकर मिटत नाहीत. किती तरी रुग्ण हे कुणी न शिकवताच करू लागतात.

इलास्टेजला आवर घालायला यकृत अल्फा-1 अँटिट्रिप्सिन नावाचं प्रथिन बनवतं. 1963 साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन या दोघांनी रक्तातली प्रथिनं वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागून तपासताना पाहिलं की काही जणांत या प्रथिनाची पट्टीच नाही, आणि त्यांच्यापैकी काहींना फुप्फुसाचा गंभीर आजार आहे. आपलीच पेशी आपलंच फुप्फुस खाऊ शकते, हा विचार तिथून पक्का होत गेला. धूर इथेही दुहेरी घात करतो. तो न्यूट्रोफिल बोलावतो आणि त्यांना आवरणाऱ्या प्रथिनाला रासायनिक इजा करून निकामीही करतो.

मग सिगारेट सोडल्यावर हे थांबायला हवं. पूर्ण थांबत नाही. सीओपीडी, म्हणजे मुख्यतः धुराने श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, झालेल्यांनी धूम्रपान सोडून वर्षं झाली तरी त्यांच्या श्वासनलिकांच्या तुकड्यांत सूज सापडते. केस कमी झालेल्या नळ्यांत जंतू मुक्काम करतात आणि सूज तेवत ठेवतात. मारेकरी लिम्फोसाइट या पेशी तिथे ठाण मांडून बसतात, नळ्यांच्या भिंतीत त्यांच्या छोट्या गाठीही तयार होतात. शिवाय सूज वाढवणाऱ्या जनुकांना गप्प करणारं एक एन्झाइम धुरामुळे घटलेलं असतं. स्टेरॉइडचं औषध नेमकं त्याच एन्झाइमच्या मदतीने काम करतं. म्हणून दम्याच्या सुजेवर चांगलं चालणारं स्टेरॉइड इथे पुष्कळदा निम्मंही चालत नाही.

हे वाचून "मग सोडून काय उपयोग" असा निष्कर्ष कुणी काढू नये. अमेरिका आणि कॅनडात 5,887 धूम्रपान करणाऱ्यांवर एक मोठा अभ्यास झाला, या सगळ्यांच्या श्वासनलिका थोड्याफार आकसलेल्या होत्याच. 11 वर्षांनी पाहिलं तर ओढत राहिलेल्या पुरुषांची पहिल्या सेकंदात फुंकण्याची क्षमता दर वर्षी सुमारे 66 मिलिलिटरने घटत होती. सोडून दिलेल्यांची सुमारे 30 मिलिलिटरने, म्हणजे जवळपास वाढत्या वयात कुणाचीही घटते तेवढीच. गेलेलं परत येत नाही, पण घसरण अर्ध्यावर येते. कोणत्याही पंपाने हे साधलेलं नाही.

टीबी: जंतू गेला, वण राहिला

टीबीची गोष्ट वेगळी आहे. रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये या जंतूचा शोध जाहीर केला, तेव्हापासून आपली नजर जंतूवर खिळलेली आहे. साहजिकही आहे. पण फुप्फुसात जी पोकळी पडते ती काही जंतूने एकट्याने पोखरलेली नसते. मॅक्रोफेज जंतूला गिळतात, तो आतच जिवंत राहतो, मग शरीर त्याच्याभोवती पेशींची गाठ बांधतं. गाठीचा गाभा मरून चीझसारखा मऊ होतो. त्याच वेळी आपल्याच पेशी फुप्फुसाचा सांगाडा विरघळवणारी एन्झाइमं सोडतात. गाठ जवळच्या श्वासनलिकेत फुटते, आतलं खोकल्यातून बाहेर पडतं आणि मागे पोकळी उरते. एचआयव्हीमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती फारच खालावलेली असते त्यांच्यात टीबी गंभीर असूनही पोकळ्या कमी दिसतात. पोकळी पाडण्यात आपल्या प्रतिकाराचा हात किती मोठा असतो, ते यातून कळतं.

औषधांनी जंतू मरतात. जखम भरते, ती वण होऊन. वण आकसतो, हे त्वचेवरच्या भाजल्याच्या डागातही दिसतं. फुप्फुसात वण आकसताना आजूबाजूच्या श्वासनलिकांना आपल्याकडे ओढतो. काही नळ्या चिंबतात, काही उलट ताणून रुंद, वाकड्यातिकड्या होतात. रुंद झाली म्हणजे हवा जास्त जाईल असं वाटेल, पण या नळ्यांची भिंत निर्जीव झालेली असते. केस नसतात, आकुंचन नसतं. कफ खड्ड्यात पाणी साचावं तसा साचतो. त्यात जंतू वाढतात, त्यांच्यामागे न्यूट्रोफिल येतात, त्यांच्या इलास्टेजने भिंत आणखी खराब होते, मग कफ आणखी साचतो. इंग्लंडमधले डॉक्टर पीटर कोल यांनी 1980 च्या दशकात या फेऱ्याला दुष्टचक्र म्हटलं. आजही डॉक्टर याच चक्राच्या भाषेत उपचार ठरवतात.

या रुंद झालेल्या नळ्यांच्या आजाराचं नाव ब्राँकिएक्टेसिस. 1819 साली फ्रेंच डॉक्टर लेनेक यांनी त्याचं वर्णन केलं, स्वतःच तीन वर्षांपूर्वी शोधलेल्या स्टेथोस्कोपने छाती ऐकून. 1826 मध्ये ते स्वतः टीबीने गेले.

तर टीबीनंतरची सूज मुख्यतः रचनेमुळे टिकते. टीबीचा जंतू नसतो, पण मोडक्या नळ्यांत दुसरे जंतू येत राहतात. नुकसान किती होतं? दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत काम करणाऱ्या हजारो मजुरांच्या नोंदी तपासून 2000 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकदा टीबी झालेल्यांपैकी सुमारे 18 टक्के, दोनदा झालेल्यांपैकी 27 टक्के आणि तीन किंवा जास्त वेळा झालेल्यांपैकी 35 टक्के जणांची फुप्फुसं कायमची अधू झाली होती. खाणीची धूळ त्यांच्या छातीत होती हे ध्यानात ठेवूनही चढता क्रम लपत नाही. निदान लवकर होणं आणि कोर्स अर्धवट न सोडणं हे फक्त जीव वाचवण्यासाठी नसतं, नळ्या वाचवण्यासाठीही असतं. 2020 साली जगात टीबीतून वाचलेली सुमारे 15.5 कोटी माणसं हयात होती असा अंदाज आहे. बहुतेकांच्या कागदांवर 'बरा झाला' या शिक्क्यापुढे काही नोंदच नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

धूम्रपानाने टीबी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, त्यामुळे दोन्ही एकाच छातीत भेटणं दुर्मिळ नाही. तेव्हा बारीक नळ्या धुराने गेलेल्या असतात आणि मोठ्या वणाने ओढलेल्या.

पुन्हा टीबी, की टीबीचा वण?

इथे सर्वात जास्त घोळ होतो. जुन्या रुग्णाला खोकला वाढला, एक्स-रेमध्ये डाग दिसला, की पुन्हा टीबीचा संशय येतो. संशय घ्यायलाच हवा, कारण टीबी उलटू शकतो. पण वणाचा डाग एक्स-रेमध्ये जन्मभर राहतो. जंतूच्या डीएनएवर चालणारी जलद चाचणी मेलेल्या जंतूंच्या अवशेषांमुळेही काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यामुळे आधी टीबी झालेल्याच्या बाबतीत जंतू जिवंत आहे का हे कल्चरमध्ये वाढवून बघणं मोलाचं ठरतं. जुने एक्स-रे जपून ठेवावेत, हा माझा कळकळीचा आग्रह आहे. नव्या फिल्मशेजारी जुनी धरली की डाग वाढलाय की तसाच आहे हे लगेच कळतं, आणि कधीकधी सहा महिन्यांची नको असलेली औषधं वाचतात.

दम मोजण्याची चाचणी म्हणजे स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा लावतात, नळी ओठांत घट्ट धरायला सांगतात. छाती भरून श्वास घ्यायचा आणि एकदम जोरात सोडायचा. समोरची व्यक्ती "सोडा, सोडा, अजून, अजून" म्हणत राहते आणि आपल्याला वाटतं आता काहीच उरलं नाही, तरी काही सेकंद फुंकतच राहायचं. नळ्या मोकळ्या करणारं औषध दिल्यावरही एकूण हवेच्या 70 टक्क्यांपेक्षा कमी हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडली, तर नळ्यांत अडथळा आहे. टीबीनंतर एक मेख असते. वणामुळे फुप्फुसच आक्रसलं तर एकूण हवाही घटते, पहिल्या सेकंदाचीही घटते, आणि टक्केवारी अगदी ठीक दिसते. म्हणून फक्त टक्का बघून "नॉर्मल" म्हणू नये, दोन्ही आकडे अपेक्षित आकड्यांशी ताडावेत. रुंद झालेल्या नळ्या मात्र सीटी स्कॅनमध्येच नीट दिसतात.

कोणत्या सुजेवर कोणतं औषध

पंपात ढोबळमानाने दोन प्रकारची औषधं असतात. एक नळ्यांभोवतीचा स्नायू सैल करतं, अडथळा असलेल्या बहुतेकांना त्याने हायसं वाटतं. दुसरं स्टेरॉइड, सूज उतरवणारं. ते सरसकट द्यायचं नसतं. सूज इओसिनोफिल नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींची असेल तर स्टेरॉइडचा फायदा होतो. सीओपीडीत आजार वारंवार उफाळत असेल आणि रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये या पेशी 300 किंवा जास्त असतील तर त्याच्याकडे कल असतो. 100 च्या खाली असतील तर उपयोगाची शक्यता कमी आणि न्यूमोनियाचा धोका उरतोच. पूर्वी टीबी झालेला असणं ही स्टेरॉइडच्या पंपाबाबत सावध राहण्याची स्पष्ट खूण मानली जाते. त्यामुळे डॉक्टरांनी न विचारताही "मला टीबी झाला होता" हे सांगावंच. ज्यांना मुळात दमा आहे त्यांची गोष्ट वेगळी आहे, त्यांनी हे वाचून पंप बंद करू नये.

न्यूट्रोफिलच्या सुजेवर बराच काळ थेट औषध नव्हतं. अझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक कमी मात्रेत दीर्घकाळ दिल्याने उफाळे कमी होतात, पण त्याआधी कफात टीबीच्या जातकुळीतले इतर जंतू नाहीत ना हे पाहावं लागतं, नाहीतर ते जंतू औषधाला निर्ढावतात. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेत ब्रेन्सोकॅटिब या गोळीला ब्राँकिएक्टेसिससाठी मान्यता मिळाली. न्यूट्रोफिल अस्थिमज्जेत घडत असतानाच त्यांचं इलास्टेज कामाला लागू नये, अशी ही गोळी काम करते. या आजारासाठी म्हणून मान्यता मिळालेलं हे पहिलंच औषध. 1963 च्या त्या हरवलेल्या पट्टीपासून इथवर यायला 60 हून जास्त वर्षं लागली.

पण साचलेला कफ काढणं हे काम कोणतीही गोळी करत नाही. फिजिओथेरपिस्ट 'हफ' शिकवतात. मध्यम श्वास घ्यायचा आणि आरशावर वाफ धरताना तोंड उघडून 'हा' करतो तसा, पण लांब आणि पोटातून, श्वास सोडायचा. खोकल्यात नळ्या दबून मिटू शकतात, हफमध्ये घसा उघडा राहतो आणि कफ वर सरकतो. दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं. त्याच्या जोडीला पायांचे व्यायाम, कारण दम लागण्याच्या भीतीने चालणं सोडलं की मांड्यांचे स्नायू आटतात आणि थोड्या कामालाही जास्त हवा लागते. अशा व्यायाम-कार्यक्रमाने फुप्फुसाचे आकडे फारसे हलत नाहीत, तरीही माणूस जास्त अंतर चालतो आणि दम कमी लागतो. फ्लू आणि न्यूमोकोकसची लस हीसुद्धा सुजेवरचीच तजवीज, प्रत्येक टळलेला संसर्ग म्हणजे चक्राचा एक फेरा टळला.

थुंकीत रक्त आलं तर थांबायचं नाही. जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढलेला असू शकतो, किंवा सुजेच्या भोवती फुगलेली रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. थोडं असलं तरी दाखवावं, जास्त असेल तर ताबडतोब रुग्णालय गाठावं.

श्वासनलिकेची सूज डोळ्यांना दिसत नाही, पण एका ठिकाणी ती रंग सोडून जाते. न्यूट्रोफिलमध्ये मायेलोपेरॉक्सिडेज नावाचं हिरवं एन्झाइम असतं. बेडका पांढऱ्याचा पिवळा आणि पिवळ्याचा हिरवा होत जातो तो मुख्यतः त्याच्यामुळे. आपला रोजचा बेडका कोणत्या रंगाचा आणि साधारण किती असतो हे ज्याला माहीत आहे, त्याला पांढऱ्या टिश्यूवर एका नजरेत कळतं की आज आत गर्दी वाढली आहे. रंग गडद झाला, प्रमाण वाढलं, दमही वाढला आणि हे दोन दिवस टिकलं, तर त्याच बेडक्याचा नमुना स्वच्छ डबीत घेऊन डॉक्टरांकडे जावं, प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याच्या आधी.